मंडळाची मान्यता दरवर्षी नव्याने का मागायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या महाविद्यालयांत प्रवेशाची धामधूम आहे. फीच्या खिडकीशी रांगा आहेत, दाखल्यांच्या झेरॉक्स निघताहेत. त्याच कार्यालयात कोपऱ्यातल्या टेबलावर आणखी एक गठ्ठा साचत असतो, विद्यार्थी मंडळांच्या मान्यतेच्या आणि नूतनीकरणाच्या अर्जांचा. त्याची बातमी कधी होत नाही. मी एका अनुदानित महाविद्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, नाट्य मंडळ, वादविवाद मंडळ यांच्या फायली नोकरीभर माझ्या हातावरून गेल्या. या विषयावर दुसरे कोणी लिहील असे दिसत नाही, म्हणून मीच लिहिते आहे.

निमित्त घरचेच आहे. माझी भाची आमच्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिथल्या निसर्ग मंडळाची सचिव आहे. म्हणजे होती. गेल्या वर्षी मंडळाचे नूतनीकरण झाले नाही. मंडळात काही गैर घडले नव्हते, कोणाची तक्रार नव्हती, पोरे उत्साहाने काम करत होती. अर्ज मात्र त्रुटीचा शेरा घेऊन परत आला, त्रुटी पुरी करता येण्यासारखी नव्हती, आणि मुदत संपली.

हे मंडळ काय करते ते आधी सांगते. उजनीच्या पाणफुगवट्यावर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. मंडळाची मुले थंडीत पहाटे काठावर जाऊन पक्षी मोजतात. पाणपक्ष्यांची गणना आशियाभर दर जानेवारीत होते, आपल्या उपखंडात ती १९८७ साली सुरू झाली. हौशी मंडळी आणि अभ्यासक खांद्याला खांदा लावून हे काम करतात, त्यात ही मुलेही असत. त्यांची नोंदवही भाचीने मला एकदा दाखवायला आणली होती. पुठ्ठ्याच्या बांधणीची, फुलस्केप, लाल समासाची. तारीख, वेळ, ठिकाण, हवा, पक्षी, संख्या, शेवटी नोंद करणाऱ्याची सही. काही पानांनंतर अक्षर बदलते, कारण जुनी मुले पदवी घेऊन जातात आणि नवी येतात, पण रकाने तेच राहतात. एका पानावर लिहिले होते : ‘चक्रवाक ४२, पट्टकादंब १७. रोहित (फ्लेमिंगो) पलीकडे होते पण धुक्यामुळे काठ दिसला नाही, म्हणून आकडा धरलेला नाही.’ मी जन्मभर कॅशबुके आणि स्टॉक रजिस्टरे तपासली आहेत. दिसले नाही ते न लिहिण्याची ही शिस्त एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांनी आपणहून पाळलेली पाहून मला फार बरे वाटले.

आता त्रुटी काय होती ते सांगते. अर्जात समन्वयक प्राध्यापकाची संमती लागते, आणि तो प्राध्यापक पूर्णवेळ, विद्यापीठाची मान्यता असलेला हवा. वनस्पतिशास्त्राचे जे सर मंडळ पाहत होते ते मेअखेर निवृत्त झाले. त्या विभागात आता शिकवणारे सगळे तासिका तत्त्वावरचे आहेत. त्यांच्यातल्या एका मॅडम आनंदाने तयार होत्या, मुलांबरोबर पहाटे काठावर जाणाऱ्याही त्याच होत्या. पण त्यांची सही चालत नाही. दुसऱ्या विभागातल्या पूर्णवेळ प्राध्यापकांकडे आधीच परीक्षा विभाग, राष्ट्रीय सेवा योजना, नॅकच्या मूल्यांकनाचे काम असे तीन-तीन पदभार. त्यांनी नकार दिला आणि मी त्यांना दोष देत नाही. दुसरी अट पंचवीस सदस्यांची यादी, हजेरी क्रमांकासह. मुदत ३१ जुलै. प्रथम वर्षाचे प्रवेशच तोवर पुरे झालेले नसतात, तर हजेरी क्रमांक कुठून आणायचे?

मुदत संपल्यावर मंडळाला कपाटाची किल्ली कार्यालयात जमा करावी लागली. सूचना फलकावर कागद लावायला मनाई झाली. खरे नुकसान जानेवारीत झाले. पाणवठ्यावर गणनेला जायचे तर मुले वन विभागाला महाविद्यालयाच्या पत्रशीर्षावर पत्र देत असत, बससाठीही तेच पत्र लागे. मान्यता नाही म्हणून पत्र नाही, आणि पत्राशिवाय मुलींना घरून पहाटे कोण सोडणार? त्या जानेवारीचे पान वहीत नाही. पुढे कोणी ही आकडेवारी अभ्यासायला घेतली तर त्याला ते वर्ष कोरे दिसेल, आणि पक्षी आले नव्हते की मोजणारे गेले नव्हते, हे त्याला कळायला मार्ग नसेल.

भाचीने मला विचारले, “आत्या, आम्ही मंडळ बंद केलं नाही, कॉलेजनंही बंद केलं नाही, मग ते बंद झालं कसं?” हा प्रश्न कायद्याच्या भाषेतही तितकाच सरळ आहे, आणि माझे म्हणणे त्याच्याच भोवती आहे.

मंडळ बंद करायचे तर कोणीतरी तसे ठरवावे लागते. टिपणी लिहावी लागते, कारण नमूद करावे लागते, प्राचार्यांची सही लागते. त्या सहीवर दाद मागता येते. नूतनीकरणाच्या पद्धतीत यातले काहीच लागत नाही. तारीख उलटते आणि मंडळ नाहीसे होते. निर्णय कोणीच घेतलेला नसतो, त्यामुळे जाब विचारायचा तरी कोणाला? मी कार्यालयात असताना पाहिले आहे की मंडळे नाकारली गेल्याची उदाहरणे अगदी थोडी, आणि मुदत संपून गेलेली कितीतरी. नाकारलेल्या मंडळाची निदान फाईल तरी सापडते.

काही जण म्हणतील, महाविद्यालयाच्या मान्यतेवाचून काय अडते, मुलांनी आपले चालवावे. अडते ते असे. विद्यार्थी मंडळ ही स्वतंत्र संस्था नसते. सात माणसे जमवून १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली रीतसर संस्था काढता येते, पण तीन वर्षांत गाव सोडून जाणाऱ्या मुलांना ते झेपत नाही, आणि तशी संस्था महाविद्यालयाचा भागही राहत नाही. मंडळाला स्वतःचे पॅन नाही, स्वतःच्या नावाचे खाते नाही, करार करण्याचा अधिकार नाही. संध्याकाळी वर्ग उघडून मिळणे, सभागृहाची तारीख, पाहुण्याला पाठवायचे निमंत्रण, स्पर्धेच्या प्रवेशिकेवर प्राचार्यांची सही, उपक्रमासाठी आगाऊ रक्कम, या सगळ्याचा उगम मान्यतेच्या त्या एका कागदात आहे. एकांकिका स्पर्धेला संघ पाठवायचा तर प्रवेशिका महाविद्यालयाच्या नावानेच जावी लागते. नाट्य मंडळाची मान्यता अडकली की मुलांनी बसवलेली एकांकिका तालमीच्या खोलीतच राहते.

आता ज्या शिक्षण संस्थांची ही महाविद्यालये आहेत त्यांच्याकडे पाहा. त्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदलेल्या असतात. त्यांना दरवर्षी नव्याने नोंदणी करावी लागते का? नाही. नोंदणी एकदाच. विश्वस्त बदलले की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा, हिशेब वेळच्या वेळी तपासून सादर करायचे. बदल अर्जाला उशीर झाला तर उशीर माफ करून घेण्याची सोयही असते. एक तारीख चुकली म्हणून संस्था संपली असे होत नाही. कोट्यवधींच्या मालमत्तेच्या संस्थेला जी पद्धत पुरते, ती वीस-पंचवीस मुलांच्या निसर्ग मंडळाला का पुरू नये? मान्यता एकदा द्यावी. नंतर दरवर्षी नवे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समन्वयक यांची नावे कळवणारा अर्ध्या पानाचा बदल अर्ज घ्यावा. तो आला नाही तर कार्यालयाने स्मरणपत्र द्यावे. मान्यता काढायचीच असेल तर कारण लिहून, मुलांचे म्हणणे ऐकून, सही करून काढावी.

मला महाविद्यालयाची बाजू कळत नाही असे नाही, मी तिथेच तर आयुष्य काढले. मुले पाण्याच्या काठी जातात, अपघात झाला तर पहिला फोन प्राचार्यांना येतो. मंडळाच्या नावाने गावात वर्गणी फिरवण्याचे प्रकार घडतात. निवडणुकीच्या दिवसांत एखादे मंडळ अचानक कोणाच्या तरी प्रचाराला जुंपलेले दिसते. या सगळ्यावर लक्ष हवे, त्यासाठी नोंद हवी, जबाबदार माणसाचे नाव हवे. नोंदणीला माझा विरोध नाही, उलट ती नेटकी व्हावी असाच माझा आग्रह आहे. पण ही सगळी काळजी कार्यक्रमाच्या वेळच्या परवानगीने घेता येते. सहलीला पालकांचे संमतीपत्र, बरोबर शिक्षक, वर्गणीला सक्त मनाई. जुलैतल्या पंचवीस नावांच्या यादीने जानेवारीतल्या सहलीची सुरक्षितता कशी साधते हे मला नोकरीत असतानाही कळले नव्हते.

हिशेबाचेही तसेच. नूतनीकरण अडण्याचे एक कारण म्हणजे न जुळलेली आगाऊ रक्कम. आधीच्या वर्षीच्या सचिवाने पाच हजार उचललेले असतात, पावत्या साडेतीन हजारांच्याच दिलेल्या असतात, आणि तो मुलगा पदवी घेऊन पुण्याला निघून गेलेला असतो. नवी मुले अर्ज घेऊन आली की कार्यालय जुना हिशेब मागते. ती बिचारी कुठून देणार? रक्कम ज्याने घेतली त्याच्याकडून वसूल करण्याची वेळ त्याचा महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि ना-देय प्रमाणपत्र देताना असते. तिथे कार्यालयाने डोळा चुकवू द्यायचा आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना अडवायचे, हे बरोबर नाही. मी अधीक्षक झाल्यावर ना-देय प्रमाणपत्राच्या नमुन्यात ‘मंडळाची आगाऊ रक्कम’ असा एक रकाना वाढवून घेतला होता. तेव्हापासून आमच्याकडे या कारणाने एकही अर्ज अडला नाही.

पैशांवरून आठवले म्हणून लिहिते. कोणत्याही महाविद्यालयाची फी पावती काढून पाहा. शिक्षण शुल्काखाली बारीक अक्षरांत जिमखाना, नियतकालिक, विद्यार्थी कल्याण, सांस्कृतिक उपक्रम अशी शीर्षे असतात. ही रक्कम प्रत्येक विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या दिवशीच घेतली जाते. मंडळाचे नूतनीकरण झाले नाही म्हणून ती कोणाला परत मिळत नाही. ज्याच्या पैशावर उपक्रम चालायचे त्यालाच उपक्रमासाठी खोली उघडून मिळू नये, याचे उत्तर कोणीतरी द्यायला हवे.

समन्वयकाचा प्रश्न मात्र मंडळांपेक्षा मोठा आहे. पूर्णवेळ पदांची भरती रखडल्यामुळे अनेक विभाग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या खांद्यावर उभे आहेत. ते शिकवतात, पेपर तपासतात, प्रात्यक्षिके घेतात आणि मोबदला तासाप्रमाणे घेतात. पदव्युत्तर वर्गाला शिकवायला ते चालतात, मग पक्षी मोजणाऱ्या मुलांसोबत उभे राहायला का चालत नाहीत? पूर्णवेळ माणूस उद्या जबाबदारी टाकून जाणार नाही, हा नियमामागचा हेतू मी समजू शकते. पण त्या हेतूसाठी ग्रंथपाल आहेत, शारीरिक शिक्षण संचालक आहेत, प्रयोगशाळा सहायक आहेत. ही सगळी कायम माणसे आहेत आणि मुलांशी त्यांचा रोजचा संबंध असतो. कार्यालयातला माणूसही समन्वयक होऊ शकतो. वादविवाद मंडळाची मुले विषय वाचून दाखवत ते ऐकायला मला फार आवडत असे, कोणी सांगितले असते तर मी आनंदाने ते काम केले असते.

मंडळांच्या या अवस्थेकडे पाहताना मला आणखी एक गोष्ट टोचते. नॅकची समिती यायची असते तेव्हा मंडळांची संख्या एकदम वाढते. मूल्यांकनाच्या सात निकषांपैकी पाचवा विद्यार्थ्यांना मिळणारा आधार आणि त्यांची प्रगती यांचा आहे, आणि त्यात विद्यार्थ्यांचा सहभाग व उपक्रम यांचा भाग येतो. निकष चांगला आहे. पण त्यासाठी कागदोपत्री मंडळे उभी राहतात. फलक रंगतात, उद्‌घाटनाचे फोटो निघतात, अहवालात प्रत्येकाला एक परिच्छेद मिळतो. अशा मंडळांचे नूतनीकरण कधी चुकत नाही, कारण त्यांचे अर्ज कार्यालयच भरते. ज्या मंडळांत मुले खरोखर काम करत असतात, ज्यांना अर्ज भरायला कोणी शिकवलेले नसते, तीच तारखेला बळी पडतात. आता नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे सहअभ्यासक्रम विषयांना श्रेयांकही आले आहेत. राष्ट्रीय सेवा योजना, खेळ, कला यांना गुण मिळू लागले ही चांगली गोष्ट. श्रेयांकांसाठी मुले मंडळांकडे वळणार असतील तर मंडळे टिकवण्याची जबाबदारी अधिकच वाढते.

मान्यतेच्या कागदात किती ताकद असते ते देशाने एकदा पाहिले आहे. मे २०१५ मध्ये मद्रासच्या आयआयटीत आंबेडकर-पेरियार स्टडी सर्कल या विद्यार्थी मंडळाची मान्यता काढली गेली. निनावी तक्रार केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडे गेली, मंत्रालयाने ती संस्थेकडे पाठवली, आणि नंतर ही कारवाई झाली. देशभर चर्चा झाली, निदर्शने झाली, आणि जूनमध्ये मान्यता परत मिळाली. त्या मंडळाच्या मतांशी कोणी सहमत असो वा नसो, तिथे निर्णय कागदावर होता, निर्णय घेणारा माहीत होता, म्हणून लढता आले आणि चूक दुरुस्तही झाली. तालुक्याच्या गावातल्या निसर्ग मंडळासाठी कोण निदर्शने करणार? त्याची मान्यता कोणी काढलेलीच नसते!

आणि या मंडळांखेरीज मुलांना कारभार शिकायची जागा उरली आहे कुठे? १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका थांबल्या. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाच्या कलम ९९ ने त्या परत आणल्या, पण २०१९ साली जाहीर झालेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. मतदानाला अठरा वर्षे पुरे झालेली मुले सभेची सूचना कशी काढायची, गणसंख्या म्हणजे काय, इतिवृत्त कसे लिहायचे, जमाखर्च कसा मांडायचा, विरोधी मत कसे ऐकून घ्यायचे हे कुठे शिकणार? वाङ्मय मंडळाच्या पंधरा मुलांच्या बैठकीत हे सगळे घडत असते. भित्तिपत्रकाचा विषय ठरवताना दोन तास भांडून शेवटी हात वर करून मत घेणारी मुले मी पाहिली आहेत. त्यातला एक मुलगा आज आमच्या गावचा सरपंच आहे, आणि ग्रामसभेचे इतिवृत्त तो स्वतः वाचून मगच सही करतो.

माझ्या मागण्या साध्या आहेत. बदल अर्जाची पद्धत वर सांगितलीच. त्याची मुदत प्रवेश पुरे झाल्यावर, सप्टेंबरअखेरची ठेवावी. अर्ज दिला की आवक क्रमांक आणि पोच मुलांच्या हातात पडावी. बहुतेक ठिकाणी मुलांना पोच मागायची असते हेच माहीत नसते, आणि मग अर्ज मिळालाच नाही असे सांगणे सोपे जाते. तीस दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मान्यता चालू आहे असे धरावे. सरकारी दाखले ठरल्या मुदतीत मिळावेत म्हणून आपल्या राज्याने २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा केला. त्याच भावनेने महाविद्यालयाने आपल्याच विद्यार्थ्यांना उत्तर द्यायला महिनाभर घ्यावा, एवढेच म्हणते आहे. समन्वयकाच्या अटीत ‘पूर्णवेळ प्राध्यापक’ऐवजी ‘महाविद्यालयातील शिक्षक किंवा शिक्षकेतर कर्मचारी’ असे लिहावे.

विद्यापीठांच्या विद्यार्थी विकास मंडळांनी असे परिपत्रक काढले तर सगळ्याच संलग्न महाविद्यालयांत एकसारखी पद्धत येईल. पण प्राचार्यांनी परिपत्रकाची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. मंडळांच्या मान्यतेचे नियम बहुतेक ठिकाणी महाविद्यालयानेच केलेले असतात आणि ते एका कार्यालयीन आदेशाने बदलता येतात. असा आदेश टंकायला कार्यालयाला अर्धा तास पुरतो. यंदाची मुदत अजून उलटलेली नाही.

आपली,
एक निवृत्त कार्यालय अधीक्षक, सोलापूर जिल्हा

(भाची त्याच महाविद्यालयात शिकत असल्याने माझे नाव छापू नये, ही विनंती.)